मखमलीवरचा डाग

आमच्या कोल्हापूरकडे दागिन्याला 'डाग' म्हणतात. 'पोरीच्या अंगावर चार डाग घातले' असे कुणी सांगितले तर ऐकणाऱ्याने दचकायचे नसते. लग्न झोकात झाले एवढाच त्याचा अर्थ. वर्गातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना या शब्दाचे फार हसू येते. मीही त्यांच्याबरोबर हसत असे. परंतु गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक प्रदर्शनानंतर या शब्दाचे दोन्ही अर्थ मला एकदमच दिसू लागले आहेत, आणि त्याबद्दल थोडे लिहायचे आहे.

प्रदर्शन पाहिलेल्यांना माझा 'कणीस' हा हार कदाचित आठवत असेल. धातुकाम विभागाच्या दालनात शिरल्यावर डाव्या हाताला, काळ्या मखमलीवर, वरून दिव्याचा झोत. शाळूच्या कणसावरून सुचलेला, चांदीचा, साडेतीनशे रव्यांचा. त्याला पारितोषिक मिळाले. फोटो निघाले. अभिप्रायवहीत 'अप्रतिम' हा शब्द त्याच्या नावापुढे सात वेळा आलेला मी मोजला आहे. त्यांपैकी दोन अक्षरे माझ्या खोलीतल्या मैत्रिणींची होती, ते सोडून देऊ.

एवढ्या माणसांनी पाहिलेल्या त्या हाराबद्दल एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, आणि तो मलाही सुचला नव्हता. हा हार कुणी घालून पाहिला आहे का?

कुणीही नाही. मीसुद्धा नाही. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून पारितोषिक-समारंभापर्यंत तो हार एकदाही माणसाच्या गळ्यात गेला नव्हता.

प्रदर्शन उतरवल्यावर तो रुमालात गुंडाळून मी सुट्टीत हुपरीला आत्याकडे गेले. चांदीकामासाठी हुपरीचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. तिथे हा धंदा दुकानापेक्षा घराघरांतून चालतो. एकाने चांदी आटवायची, दुसऱ्याने तार ओढायची, तिसऱ्याने कड्या वळायच्या, चौथ्याने झाळ द्यायची, असे पैंजण हातोहात पुढे जात राहते. आमची आत्या गेली तीस वर्षे पैंजणांना घुंगरू लावते. शाळा सातवीपर्यंत. कलेच्या इतिहासाचा पेपर तिला कुणी दिलेला नाही. मी हार पुढे केला. तिने तो घेतला आणि सर्वांत आधी काय केले असेल, तर उलटा केला. मग अंगठ्याचे पेर त्याच्या पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले.

"कसा झालाय गं, आत्या?"

"वरनं झ्याक झालाय की," ती म्हणाली. "आन् खालनं कुणी केलाय?"

मग तिने तो घातला. आरशासमोर उभी राहीपर्यंत सारे ठीक होते. चहाचा कप उचलायला म्हणून ती वाकली, आणि माझे पारितोषिकप्राप्त कणीस पुढे कलंडून, उताणे होऊन, तिच्या हनुवटीखाली आपटले. तिने हार काढला तेव्हा गळ्याच्या खळगीपाशी लाल रेघ उठली होती. आत्या काही बोलली नाही. खोबरेल तेलाचे बोट लावून ती पुन्हा घुंगरांना बसली.

ती रेघ कशी उठली हे सांगायचे तर हार कसा झाला तेही सांगावे लागेल. आपल्या मासिकात कलाकृतीबद्दल लिहिताना 'प्रेरणा' या शब्दाने सुरुवात करून 'आत्मशोध' या शब्दाने शेवट करण्याची प्रथा आहे. मधले हातोडी, कानस, टाकणखार वगैरे कुणी लिहीत नाही. मी मधलेच लिहिते.

कणसाची रेखाटने करण्यात मी तीन आठवडे घालवले. त्यातून अर्धचंद्राकृती पट्टी आणि तिच्या बाहेरच्या कडेकडे दाट होत जाणारे रवे अशी कल्पना ठरली. रवे करण्याची युक्ती जुनी आहे आणि मला ती जादूसारखी वाटते. बारीक तार एका सळईवर गुंडाळायची आणि उभी कापायची, म्हणजे सारख्या मापाच्या कड्या पडतात. मुशीत कोळशाच्या भुकटीचा थर द्यायचा, त्यावर कड्या एकमेकींना लागू न देता पसरायच्या, वर पुन्हा भुकटी. मूस लाल होऊ द्यायची. चांदी सुमारे 962 अंशांना वितळते. वितळलेला एवढासा थेंब पसरत नाही. पृष्ठताणामुळे तो आपोआप गोल होतो. गार झाल्यावर भुकटी पाण्याने धुतली की तळाशी मोहरीएवढे चकचकीत दाणे. पहिल्या घाण्याला मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

रवे बसवणे ही मात्र जादू नव्हे, शिक्षा आहे. टाकणखाराच्या पाण्यात बुडवून एकेक दाणा चिमट्याने जागेवर ठेवायचा, शेजारी झाळेचा कानसलेला भुसा भुरभुरायचा. ज्योत घाईने लावली तर टाकणखार लाह्यांसारखा फुगतो आणि दाणे टुणकन उडतात. पन्नास दाण्यांची ओळ जमवावी आणि एका फुंकरीत ती जमिनीवर शोधावी, असे माझे पाच वेळा झाले. उष्णता कमी पडली तर दाणा हलतो. जास्त झाली तर तो पत्र्यात रुततो आणि भाताच्या शितासारखा दिसतो. शिवाय आपण वापरतो त्या चांदीत शंभरात साडेसात भाग तांबे असते. ते तापले की पृष्ठभागाखाली जांभळट काळी छाया धरते. ती तेजाबाने जात नाही. घासूनच काढावी लागते. रव्यांच्या मधल्या जागेत कानस पोचत नाही, ब्रशही पोचत नाही. काडीला पॉलिश लावून मी एकेका फटीत आठ-आठ रात्री बसले आहे. शेवटी रिठ्याच्या पाण्याने धुतल्यावर तो हार असा काही उजळला की माझी मलाच दृष्ट लागावी.

हे सगळे पुढच्या बाजूला. मागे काय होते? मागे झाळ वाहून जिथे गोठली तिथे गोठली होती. खालून घातलेल्या आधाराच्या तारांची टोके कापली होती, पण घासली नव्हती. बाहेरची कड रव्यांनी जड आणि आतली, गळ्याकडची कड नुसत्या पत्र्याची, हलकी. असा हार गळ्याच्या दोन हाडांवर टेकला की त्याचे वजन पुढे ओढणारच आणि तो उलटणारच. हे समजायला आत्याची तीस वर्षे लागत नाहीत, पाच मिनिटे घालून पाहिला तरी पुरते. आणि फासा? फासा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाजारातून तयार आणून लावला. कारण शेवटचा आठवडा कशात गेला, तर मखमल आणण्यात, लाकडी चौथऱ्याला काळा रंग देण्यात, दिव्याचा कोन ठरवण्यात आणि नावाची पट्टी छापून आणण्यात. 'कणीस' हे नाव जाड टायपात असावे की बारीक, यावर मी आणि माझी मैत्रीण दीड तास बोललो आहोत. फासा लावायला दहा मिनिटे लागली.

मी एकटीच अशी आहे असे मला वाटत नाही. विभागातल्या कितीतरी वस्तू मी त्यानंतर हळूच उलट्या करून पाहिल्या. कुणाच्या त्या सांगत नाही. ज्याच्या त्याला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हा आळस नाही. आळशी माणूस साडेतीनशे रवे बसवत नाही. आपण दागिना ज्याच्यासाठी करतो त्याच्यासाठी तो चांगला करतो, आणि आपण तो काचेसाठी करतो. काचेला कातडी नसते, घाम येत नाही, वाकावे लागत नाही. मखमलीला ओरखडा उठत नाही.

आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांकडे या नजरेने पाहिले म्हणजे लाज वाटते. वज्रटीक घ्या. समोरून नुसती सोन्याची धारदार नक्षी; पण तिला मागून कापडाची जाड पट्टी असते आणि गळ्याला लागते ते कापड. ठुशीचे बारीक मणी दाटीने गुंफलेले असतात, आणि मागे सरकता गोंडा, म्हणून एकच ठुशी सासूच्याही गळ्याला बसते आणि सुनेच्याही. कोल्हापुरी साजाची परंपरेने 21 पाने. दशावतारांची 10, अष्टमंगलांची 8, माणकाचे एक, पाचूचे एक आणि डोरले, अशी मोजणी सांगतात. आपण टिपणे काढतो ती या पानांच्या अर्थाची. पण पातळ पत्र्याचे पान आतून लाखेने भरले म्हणजे सोने कमी लागते, पान चेपत नाही आणि अंगावर जडही होत नाही, हे ज्या कुणाला प्रथम सुचले त्याच्या बुद्धीबद्दल आपण टिपण काढत नाही. मधले जवमणी नुसते शोभेचे नाहीत. एकवीस पाने एकमेकांवर न चढता गळ्याभोवती वळावीत म्हणून ते मध्ये आहेत. हे सारे मागच्या बाजूचे शहाणपण आहे.

आणि गिऱ्हाईकाला मागची बाजू वाचता येत नाही असेही नाही. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हापासून माझी आईसुद्धा दुकानात कानातले उलटे करून भिंगाखाली तो सहा अक्षरी क्रमांक शोधते. सामान्य माणूस पाठ पाहतो. न पाहणारे आपणच, कलेचे विद्यार्थी.

मी हे सगळे आमच्या एका सरांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि दोन गोष्टी सांगितल्या. त्या खोडून काढता येतील इतक्या सोप्या नाहीत, म्हणून इथे देते.

पहिली अशी, की घालण्याची सोय हीच कसोटी धरली तर प्रदर्शनात बांगड्या आणि साखळ्याच येतील; सराफ कट्ट्यावर जे मिळते तेच. मग कला महाविद्यालय कशाला हवे? दुसरी अशी, की दागिना घालण्यापलीकडे जाऊ शकतो हे मोठ्या कलावंतांनी दाखवून दिले आहे. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तक काढून रने लालिकची ती प्रसिद्ध 'चतुर-स्त्री' दाखवली. 1897-98 च्या सुमाराची ही कृती 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिली आणि आज ती लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. चतुराच्या तोंडातून वर निघालेली स्त्री, खाली पक्ष्याच्या नखांसारखे पंजे, मीनाकाम केलेले पारदर्शक पंख. रुंदी साडेसव्वीस सेंटिमीटर. "ही कुठली बाई वाकून कप उचलेल?" सर म्हणाले.

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी त्या कृतीबद्दल मिळेल ते वाचले, आणि मला एक गोष्ट सापडली. ते पंख एकसंध नाहीत. ते सांध्यांवर जोडलेले, हलणारे आहेत. म्हणजे एवढी अचाट वस्तू करतानाही या माणसाच्या डोक्यात श्वासाबरोबर वर-खाली होणारी छाती होती. प्रदर्शनाच्या काचेला सांधे लागत नाहीत. तसेच खाइस बाकर आणि एमी फान लेरसुम या डच जोडप्याचे. 1967 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्यांनी ॲल्युमिनियमचे असे प्रचंड गळपट्टे मांडले की ते घालून कुणी भाजी आणायला जाणार नाही. पण ते त्यांनी तरुणींच्या अंगावर घालून, त्यांना चालवून दाखवले. ज्यांनी सोय झुगारली त्यांनी अंग झुगारले नव्हते. आम्ही मात्र दोन्ही झुगारतो आणि त्यातले एक झुगारल्याचे आमच्या लक्षातही नसते.

सरांच्या पहिल्या मुद्द्याला मी अर्धी मान तुकवते. दागिना आरामशीरच असावा असे माझे म्हणणे नाही. नथही सुरुवातीला टोचतेच. उद्या कुणी मुद्दाम टोचणारा हार केला, बाईच्या गळ्यातल्या दागिन्याचे ओझे दाखवायला, तर मी तो पाहायला पहिली जाईन. पण टोचायचे असेल तर कुठे टोचावे, किती टोचावे हे करणाऱ्याने ठरवलेले असले पाहिजे. माझा हार टोचत होता तो माझ्या विचारामुळे नव्हे, न घासलेल्या तारेमुळे. परीक्षकांना हा फरक कळला नाही, कारण हार काचेत होता आणि काचेवर पाटी होती : कृपया स्पर्श करू नये.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनासाठी विभागाकडे माझी एक मागणी आहे. प्रवेशअर्ज घेण्यापूर्वी प्रत्येक दागिना एका माणसाने एक पूर्ण दिवस घातलेला असावा, आणि तो माणूस करणारा स्वतः नसावा. करणारा सहन करतो. त्याला पारितोषिक हवे असते. दिवसभरात त्या माणसाने बसमध्ये चढावे, जिना उतरावा, भांडी घासावीत, केस विंचरावेत. त्याला काय वाटले ते दोन ओळींत अर्जामागे लिहून द्यावे. आज अर्जात शीर्षक, माध्यम, आकार, किंमत एवढेच रकाने आहेत. वजनाचासुद्धा रकाना नाही! चित्रकला विभागाचा छापील अर्ज आपण तसाच वापरतो हे त्याचे कारण असावे. परीक्षकांनी काच उघडून वस्तू उलटी करावी हे तर सांगायलाही नको होते.

यावर व्यवहारी हरकत येणार हे मला माहीत आहे. 2025 साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पलीकडे गेला. प्रेक्षकांच्या हाती वस्तू दिल्या आणि एखादी गेली तर भरून कोण देणार? हरकत रास्त आहे. पण आपण चांदीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वस्तू तांब्यात करून पाहतो. तो कच्चा नमुना पुढे कुठे जातो? बाकाखालच्या डब्यात, फुटलेल्या मुशी आणि कानशीच्या तुकड्यांबरोबर. माझ्या डब्यात 'कणसा'चे तीन तांब्याचे अवतार आहेत. एकात रवे रुतलेत, एक मधोमध तडकलाय, तिसऱ्याची वळण्याची त्रिज्या चुकलीय. ते काचेबाहेर, आरशाजवळ ठेवावेत. ज्याला घालायचे त्याने घालावेत. चोरून नेलेच तर नेऊ देत; तांब्याचा दागिना चोरावासा वाटला तर तोही एक अभिप्रायच, आणि वहीतल्या 'अप्रतिम'पेक्षा नक्कीच प्रामाणिक.

कच्चे नमुने उघड्यावर ठेवायला आपल्याला संकोच वाटेल हे मी समजू शकते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या अशा हाताने झिजलेल्या वस्तूंपुढे आपण सहलीत तासन् तास उभे राहतो आणि 'काय माणसं होती!' म्हणतो. आपल्या स्वतःच्या वस्तूला मात्र हात लागू नये म्हणून धडपडतो.

'कणीस' मी मोडले. पारितोषिक मिळालेली वस्तू मोडते म्हणून घरी बोलणी खाल्ली. अर्धचंद्र सात तुकड्यांत कापून कड्यांनी जोडला, बाहेरच्या कडेचे साठ-सत्तर रवे काढून गळ्याकडच्या कडेला आणले, मागून पत्रा बसवून पाठ बंद केली आणि ती पुढच्या बाजूइतकीच घासली. समोरून आता तो पूर्वीइतका देखणा दिसत नाही. कापल्याच्या रेघा दिसतात, कणसाचा भरगच्चपणा गेला. हे मला लागते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फासाही मीच केला, मळसूत्राचा, तिसऱ्या खेपेला जमला.

मग तो आत्याकडे पाठवला, एका दिवसासाठी. त्याला आज अठरा दिवस झाले. ती तो घालून इचलकरंजीला एका लग्नाला जाऊन आली असे कळते. परवा फोन केला तर म्हणाली, "म्होरल्या आठवड्यात आणि एक लगीन हाय. ते झालं की देतो पाठवून."

अर्ज देण्याची मुदत शनिवारी संपते. शीर्षक, माध्यम, किंमत लिहून झाली आहे. 'आकार' या रकान्यापुढची जागा कोरी आहे. मोजायला हार माझ्याजवळ नाही.